उत्तरेची दावण

२ फेब्रुवारी १९८६, रविवार

हवा कोरडी. थंडी सरली. पाहिलेली गोष्ट: संगप्पा भावजी माझ्यापुढे हरले.

नव्या वहीचं पहिलं पान आहे, म्हणून नियम लिहून ठेवते. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेस सांगायच्या, रोज तीन गोष्टी लिहा: वार, हवा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी एक. ऐकलेलं नको, पाहिलेलं. मन मोकळं करायचं असेल तर ते त्याखाली. आज मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. सिस्टर कधीच गेल्या असतील. सवय तेवढी मागे राहिली.

देवणीच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडून आठ दिवस झाले. विहिरी तळाला गेल्यात, रानात काडी नाही. आजूबाजूच्या सहा गावांची तीनशेच्या वर जनावरं चार दावणींना बांधली आहेत. छावणीचा कारभार संगप्पा भावजींकडे, म्हणजे आमच्या यजमानांच्या चुलतभावाकडे. कडबा वाटायचं काम मी मागून घेतलं. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, पण देवणी जनावरांत उभं राहिलं की ते शेजारी असल्यासारखं वाटतं. त्यांच्या हातची शेवटची गाय, काशी, गाभण आहे. तिच्या आईची आजीही आमच्याच गोठ्यातली. ही वानेरी, अंग पांढरंशुभ्र, तोंड तेवढं काळं. तिच्यानंतर आमच्या गोठ्यात कोणी नाही.

छावणीवर सरकारी डॉक्टर आहे ती माझी मुलगी. डॉ. महानंदा. परभणीला शिकली. पहिल्या दिवशी लोक विचारत होते, डॉक्टरसाहेब कधी येणार? ती त्यांच्यासमोरच उभी होती.

आज मलप्पा धनगर दीडशे मेंढरं घेऊन आला. बीदरकडची माणसं. बायको नागुबाई, डोक्यावर संसार. भावजी म्हणाले, छावणी गुरांची आहे, मेंढरांची नाही. मी म्हटलं, उत्तरेचं रान रिकामं पडलंय, तिथं बसवा. लेंड्यांचं खत तुमच्याच रानाला होईल, आपण फक्त पाणी द्यायचं. तासभर घासाघीस झाली. शेवटी ‘वहिनीपुढं कोन बोलावं’ म्हणत उठले. माझ्या शब्दाला गावात अजून वजन आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऊन लागू लागलं. पाहिलेली गोष्ट: एका सकाळी अकरा कोकरं.

मेंढ्या आमच्या कडब्याच्या गंजीच्या आडोशालाच येऊन व्यायल्या. तिथं ऊब आहे. गंजीचा खालचा थर ओला झाला होता, त्यातल्या पेंढ्या उत्तरेच्या दावणीला टाकल्या, ती जवळ आहे म्हणून. काशीलाही मी तिथंच हलवलं. कोकरं ओरडली की ती कान टवकारते. यजमान म्हणायचे, गाभण गायीला करमलं पाहिजे.

महानंदाला कोकरांचा आकडा सांगितला. म्हणाली, ‘अव्वा, तू छावणीची शिरगणतीच करून राहिलीस.’ आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात. परभणीला जाऊनही तिनं ते सोडलं नाही.

१ मार्च, शनिवार

हवा तशीच. मेंढरं अजून गंजीपाशीच. कोकरं एकूण चौतीस. काशी चांगली खाते.

१५ मार्च, शनिवार

गरम वारा. पाहिलेली गोष्ट: काही नाही, दिवसभर पडून होते.

कमरेला उजव्या बाजूला आग होते. कातडीला पदर लागला तरी सहन होत नाही. पेंढ्या उचलून लचक भरली असणार.

१८ मार्च, मंगळवार

गरम. पाहिलेली गोष्ट: आरशात माझीच पाठ.

पाठीपासून पोटापर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा उठलाय. नागुबाईनं पाहताच सांगितलं, ‘अक्का, नागीण हाय ही.’ तिनं दगडावर गेरू उगाळला आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ ओढली. तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळू द्यायचं नाही, मिळालं की माणूस जातो म्हणतात. गेरू थंड होता.

संध्याकाळी महानंदा मला उदगीरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? झाल्या होत्या. नऊ वर्षांची असताना, मला आणि माझी मैत्रीण सरोजिनी हिला एकदम. आम्हा दोघींना एकवीस दिवस वरच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. खिडकीतून चिंच दिसायची. सिस्टर अ‍ॅग्नेस दारात उभ्या राहून आम्हाला वाचून दाखवत. डॉक्टर म्हणाले, कांजिण्या गेल्या, पण त्यांचा विषाणू गेला नाही. मज्जातंतूंत जाऊन झोपला. आता वय झालं, दगदग झाली, तशी त्याला जाग आली.

येताना एस.टी.त मी तोच विचार करत होते. जवळजवळ पन्नास वर्षं ती खोली माझ्या अंगात होती आणि मला पत्ता नव्हता. दुखत होतं तरी हसू आलं. महानंदानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, सरोजिनीची आठवण झाली.

२१ मार्च, शुक्रवार

ऊन. पाहिलेली गोष्ट: बसवराजच्या बैलाचे डोळे.

उत्तरेच्या दावणीतला त्याचा शेवरा, काळ्या ठिपक्यांचा बैल कालपासून खात नाही. अंग तापलेलं, नाकातून घट्ट शेंबूड, नाकपुडीवर खपल्या, तोंडातून लाळ. आणि डोळे. बुबुळाच्या कडेनं दुधासारखी साय धरलीय, ती कडेकडून मध्ये सरकते आहे. महानंदा त्याच्याजवळ बराच वेळ बसली. सुई दिली.

२४ मार्च, सोमवार

पाहिलेली गोष्ट: तिसरं जनावर पडलं.

बसवराजचा बैल काल गेला. आज एक गाय आणि एक कालवड. तिघांचेही डोळे पांढरे झाले होते. तिन्ही उत्तरेच्या दावणीतली. उत्तरेकडे माझाच हात जास्त फिरतो.

दुपारी संगप्पा भावजी घरी आले. बाहेरच्या कट्ट्यावरच बसले, आत आले नाहीत. पाणी दिलं तर तांब्याकडे नुसते पाहत राहिले.

‘वहिनी, रागाला येऊ नका. तुमी कॉन्व्हेंटात शिकलेल्या, तुमाला म्या काय सांगावं. पर लोकं बोलून राहिले. बाईला नागीण झाली आन् तिसऱ्या दिवशी बैल पडला. तुमच्या हातचा कडबा खाल्ला त्यानं. नागीण जनावरात गेली म्हंतेत.’

मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

ते म्हणाले, ‘मला काय वाटतंय त्याला कोन विचारतंय? चार दिस छावणीकडं येऊ नका. काशीला बी घरी न्या.’

काशीला घेऊन आले. ती अर्ध्या वाटेत थांबून मागे बघत होती. खरं लिहायचं तर मलाही वाटू लागलंय. फोड माझ्या अंगावर, खपल्या त्यांच्या नाकावर. सगळं याच आठवड्यात. त्या कालवडीला मी रोज कपाळावर खाजवायची.

२७ मार्च, गुरुवार

वारा पडलेला. पाहिलेली गोष्ट: लातूरहून आलेली जीप.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली. पूर्वी उस्मानाबादहून साहेब यायचा म्हणजे आठवडा जायचा. आज सकाळी निरोप गेला आणि दुपारी जीप हजर. मोठ्या साहेबांनी जनावरं पाहिली आणि एकच शब्द बोलले: बुळकांडी. तो ऐकून माणसं मागे सरकली. बुळकांडीनं गावंच्या गावं रिकामी झालेली इथल्या म्हाताऱ्यांनी पाहिलीत. तसं असेल तर छावणीला टाळं. एक जनावर आत-बाहेर नाही, चाऱ्याच्या गाड्याही वेशीवर अडणार. तीनशे जनावरं दावणीलाच उपाशी मरतील.

महानंदानं साहेबांना सांगितलं, मला तशी वाटत नाही. बुळकांडी असती तर आतापर्यंत चारी दावणी पडल्या असत्या. आणि बुळकांडीत डोळ्यावर अशी साय धरत नाही. साहेबांनी विचारलं, मग काय आहे? ती म्हणाली, तीन दिवस द्या. नमुने पुण्याला गेलेत, पण अहवालाला महिना लागेल.

हे सगळं मला बसवराजच्या बायकोनं कुंपणापलीकडून सांगितलं. म्हणजे ऐकलेलं आहे. सिस्टर, माफ करा. पाहिली मी फक्त जीप.

२९ मार्च, शनिवार

पाहिलेली गोष्ट: महानंदा माझ्या दारात बसून रडली.

चौथं आणि पाचवं जनावर गेलं. तिनं छावणीचं रजिस्टर आणलं होतं. त्यात जनावरांचे आकडे आहेत, मालकांची नावं आहेत. कोणतं जनावर कोणत्या दावणीला, कधीपासून, ते कुठंच नाही. तिला तेच हवं होतं. मी म्हटलं, माझ्या वहीत असेल थोडंफार.

ती वही मागेना. म्हणाली, ती तुझी खासगी आहे. मीच तिच्या हातात दिली. आणि सांगून टाकलं, माझ्या नागिणीनं मेली असतील तर तसं लिही. मुलगी म्हणून लपवू नकोस.

ती वाचत गेली. फेब्रुवारीच्या पानावर थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. बोटांवर आठवडे मोजले. मग विचारलं, ‘अव्वा, गंजीचा खालचा थर ओला होता म्हणजे कशानं ओला होता?’

मी म्हटलं, मेंढ्या व्यायल्या होत्या ना तिथं.

तिनं वही मिटली आणि आमच्या घरी ठेवलेल्या तिच्या परभणीच्या पेटीतून एक जाड पुस्तक काढलं. डोळे पुसायचं विसरूनच गेली होती.

३० मार्च, रविवार

हवा: लक्ष नव्हतं. पाहिलेली गोष्ट: माझी मुलगी.

मारोतीच्या देवळापुढे सगळे जमले होते. साहेबही आले होते. मला महानंदानं मुद्दाम बोलावलं. माझ्या दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून बायका बसल्या.

महानंदानं माझी वही उघडली. दोन फेब्रुवारीचं पान मोठ्यानं वाचलं, अगदी ‘माझ्या शब्दाला गावात अजून वजन आहे’ इथपर्यंत. लोक हसले. भावजी सगळ्यांत मोठ्यानं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मग तिनं सतरा तारखेचं पान वाचलं. कोकरं, गंजी, ओल्या पेंढ्या, उत्तरेची दावण. मग कोणी हसलं नाही.

ती म्हणाली, हा रोग मेंढरांकडून गाई-बैलांना होतो. मेंढ्या वितात त्या दिवसांत जास्त. लागण झाल्यावर दिसायला महिना, दोन महिने जातात. नागीण अठरा मार्चची. म्हणजे बैल तिच्या कितीतरी आधी बाधला होता. गाईकडून गाईला जात नाही, म्हणून बाकीच्या तीन दावणी ठणठणीत आहेत.

मलप्पा उभा राहिला. ‘डाक्तरीणबाई, माझं एक मेंढरू आजारी दावा. एक बी न्हाई.’

‘तेच तर, मलप्पा,’ महानंदा म्हणाली. ‘माझ्या आईच्या अंगात कांजिण्यांचा विषाणू पन्नास वर्षं झोपला होता. तिला काही झालं का? तसा हा मेंढरात राहतो. मेंढराला त्याची सवय असते. गाईला नसते.’ मग तिनं एक गोष्ट जोडली, जी न सांगता चाललं असतं: या रोगाचा विषाणू मेंढरातून काढून अजून कोणी दाखवलेला नाही. पण तो नागिणीच्याच कुळातला असावा असं जाणकार मानतात.

नागुबाई डोक्यावरचा पदर सारत म्हणाली, ‘म्हंजे नागिणीची भावकीच की.’

‘भावकीच. पण घर वेगळं. आईची नागीण गाईला होत नाही, आणि गाईचा हा रोग आपल्याला होत नाही.’

तेव्हा संगप्पा भावजी उठले. त्यांनी विचारलं ते आवाज न चढवता, म्हणून जास्त लागलं.

‘म्हंजे पोरी, वहिनीच्या नागिणीनं न्हाई, वहिनीनं आणलेल्या मेंढरांनी जनावरं मारली. असंच ना?’

मी खाली पाहिलं. ती आता काहीतरी मऊ बोलून मला वाचवील असं वाटलं. वाचवावं असंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

‘हो काका, असंच. अव्वा नसती तर मेंढरं इथं आली नसती. मीही ती दोन महिने रोज पाहत होते, मलाही सुचलं नाही. त्यात माझीही चूक आहे. पण अव्वानं पाहिलेलं लिहून ठेवलं नसतं तर आज आपण बुळकांडी म्हणून तीनशे जनावरं मारत बसलो असतो.’

सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, तिनं आपल्या आईला चुकलेली म्हटलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. मान आपोआप वर आली माझी. यजमान असते तर त्यांनी फेटा सारखा केला असता. अभिमान वाटला की ते असेच हात वर न्यायचे.

मागून कोणीतरी ओरडलं, मेंढरं हाकलून द्या, पेटवा ती गंजी. गंजी पेटवली, ते बरोबरच होतं. मेंढरांसाठी मी उभी राहिले. टेकडीपलीकडे आमचं माळरान आहे, छावणीपासून दोन कोसांवर. विहिरीला थोडं पाणी अजून आहे, आमच्या घरचंही तिथूनच येतं. म्हटलं, मेंढरं मी आणली, मीच नेते. तिकडं एकही गाय नाही.

भावजी म्हणाले, ‘आन् तुमी काय पिनार?’

मी म्हटलं, त्यातलंच.

२ एप्रिल, बुधवार

गरम. पाहिलेली गोष्ट: छावणी उघडीच आहे.

साहेबांनी फक्त उत्तरेची दावण वेगळी ठेवायला सांगितलं. महानंदानं तिथं जाऊन मालकांना आधीच सांगून ठेवलं, अजून दोन महिने एखादं जनावर पडेल, पण इथलंच पडेल, घाबरून जाऊ नका. मी म्हटलं, अगं, असं वाईट आधी कशाला सांगायचं? ती म्हणाली, नंतर सांगितलं तर कोण ऐकेल?

काशीही इथलीच. ते आम्ही दोघी बोललो नाही.

१६ एप्रिल, बुधवार

लू. पाहिलेली गोष्ट: काशीनं पेंड खाल्ली नाही.

उत्तरेची आणखी दोन जनावरं गेली. तिनं सांगितलं होतं तशीच. आता लोक तिचं तोंड बघून बोलतात.

महानंदा रोज सकाळी छावणीच्या आधी काशीकडे येते. ताप बघते, मग तिचं डोकं धरून दोन्ही डोळे उजेडाकडे वळवते. आज ताप थोडा होता. ती बराच वेळ डोळ्यांत पाहत राहिली. मी विचारलं, साय आहे का? म्हणाली, उद्या सांगते. मला वाटतं उशीर झाला म्हणून घाईत होती. गेली तर सायकलीचं स्टँड काढायलाच विसरली, तशीच ओढत नेली दारापर्यंत.

१७ एप्रिल, गुरुवार

लू. पाहिलेली गोष्ट: काशीचे डोळे. काळेभोर.

ताप नाही. उन्हानं झालं असेल. महानंदा आमच्या न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आली आणि दोन भाकरी खाल्ल्या. पोरीची भूक परत आली, बरं वाटलं.

५ मे, सोमवार

पाहिलेली गोष्ट: पुण्याचा कागद.

बुळकांडी नाही. महानंदानं सांगितलं तोच रोग. साहेबांनी तिला लातूरला बोलावून सगळ्या डॉक्टरांपुढे उभं केलं म्हणे. ती काय बोलली ते सांगत नाही. संगप्पा भावजी येऊन कट्ट्यावर बसले, आजचं पाणी गटागटा प्यायले आणि छावणीचं रजिस्टर माझ्या पुढ्यात ठेवलं.

‘तुमीच लिहीत जा आता. आमाला फक्त आकडे समजतेत.’

मी त्यात दावणीचा रकाना आखला. हवेचाही.

नागीण वाळली. जागा अजून हुळहुळते. नागुबाई माळावरून येऊन बघून गेली. म्हणते, गेरूनंच बरी झाली. असेलही.

१९ मे, सोमवार

पश्चिमेला थोडे ढग, पाऊस नाही. पाहिलेली गोष्ट: दोन.

पहिली: काशी सकाळी व्याली. कालवड. अंग पांढरंशुभ्र, तोंड काळं. महानंदाचे हात कोपरापर्यंत भरले होते. कालवड दोनदा कोलमडून तिसऱ्यांदा उभी राहिली, काशी उभी राहिली, महानंदा मात्र शेणात मांडी घालून बसलेलीच. मी विचारलं, काशी कशी काय वाचली गं? तिनं मान हलवली. माहीत नाही म्हणाली. हेही आवडलं मला, माहीत नाही ते माहीत नाही म्हणते.

दुसरी: गेल्या आठवड्यात अहवालासाठी पुन्हा नेलेली माझी वही तिनं परत दिली. आत तिच्या सरकारी अहवालाची एक प्रत राहून गेली होती, ती वाचली. एकोणीस पानं. किती कष्ट केलेत पोरीनं. अक्षर मात्र अजून तिरकं. शेवटच्या पानावर ‘माहितीचा आधार’ म्हणून पुण्याच्या प्रयोगशाळेच्याही वर लिहिलंय: श्रीमती शांतम्मा चन्नबसप्पा यांची दैनंदिनी, २ फेब्रुवारी ते २९ मार्च. चुकून वर गेलं असणार. मी तर हवा लिहीत होते. तिला सांगायला पाहिजे, सुधारून घे म्हणून.

नको. राहू दे.